हयात माणसाचा स्मृतिचषक

शनिवार, ८ नोव्हेंबर

आजपासून दैनंदिनी लिहिण्याचा संकल्प सोडला आहे. संकल्प 'सोडावा' लागतो, 'धरावा' लागत नाही, ही आपल्या भाषेची दूरदृष्टी.

कारण असे की माझ्या कंठात एक अतिथी उतरला आहे. तीन महिने आवाज बसलेला होता. मी खडूच्या धुळीला आणि नववीच्या वर्गाला दोष देत होतो. उभयतांची क्षमा मागतो.

भावी संशोधकांसाठी परिचय देणे इष्ट. मी बाळ सीताराम चिंदरकर, वय वर्षे त्रेपन्न. 'बाळ' हे माझे शाळेच्या दाखल्यावरचे नाव आहे. चिरतारुण्याची एवढी स्वस्त सोय अन्य कोणत्याही संस्कृतीत नसावी. घाटकोपरच्या एका शाळेत मी संस्कृत शिकवतो. विद्यार्थी ते गुणांसाठी घेतात, मी वेतनासाठी शिकवतो. उभयपक्षी निर्मळ संबंध. मात्र माझी खरी कीर्ती भटवाडीच्या अपराजित क्रीडा मंडळाच्या कबड्डी स्पर्धेचा समालोचक म्हणून आहे. अठ्ठावीस वर्षे. अपराजित मंडळ आजवर एकोणीस अंतिम सामने हरले आहे. नावाचा निकालाशी संबंध जोडू पाहणारे लोक कोत्या मनाचे असतात.

डॉक्टर तेजल वयाने माझ्या जुन्या विद्यार्थिनींएवढ्या. गळ्यातून तपासणीला काढलेल्या तुकड्याचा अहवाल आज आला. त्या म्हणाल्या, "काका, स्पष्ट सांगते. कॅन्सर आहे. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. गळ्याला इथे छिद्र राहील, श्वास तिथून घ्यायचा. तुम्ही जगाल, चांगले जगाल. पण हा आवाज राहणार नाही."

"आमची स्पर्धा चार जानेवारीला संपते. पाच तारखेला या, मी गळा घेऊन हजर राहीन."

"एवढं थांबलात तर मी तुमच्याशी बोलत नसेन, काकूंशी बोलत असेन."

वाक्य उत्तम होते. माझ्या समालोचनात शोभले असते.

सोमवार, १० नोव्हेंबर

जयेला सांगितले की गळ्यात किरकोळ फोड आहे, जानेवारीत काढतील. ती "बरं" म्हणाली. अहवालाची फाईल मी कपाटात तिच्या साड्यांच्या मागे ठेवली आहे. तिथे मी काही लपवीन अशी शंका तिला सात जन्मांत येणार नाही.

जया बसवाहक आहे. गर्दीच्या बसमध्ये "पुढे सरका" एवढे दोन शब्द ती ज्या अधिकाराने उच्चारते, तो अधिकार मला संपूर्ण रघुकुल पाठीशी असूनही आला नसता. आम्ही एकाच चाळीत वाढलो. त्यामुळे 'अहो' हा शब्द तिने लग्नात उखाण्यापुरता वापरून परत केला.

तिला अलीकडे मोबाईलचे व्यसन लागलेले दिसते. जेवताना तो लोणच्याच्या बरणीला टेकवून माझ्यासमोर उभा करते; पडद्यावर एक तांबडा ठिपका लुकलुकत असतो. आणि प्रश्न तरी काय विचारते.

"बाळ, ती राहूची गोष्ट सांग ना."

"चोवीस वर्षांत तू माझ्याकडे एकही गोष्ट मागितली नाहीस."

"आता मागते. आणि जरा मोठ्यानं सांग, पुटपुटू नकोस."

सांगितली. देवांच्या पंगतीत राहू वेष पालटून बसला, अमृत प्याला, आणि ते कंठापर्यंत पोचते न पोचते तोच मस्तक उडाले. अमृत खाली उतरलेच नाही. पण वर जे होते ते अमर झाले. पुराणे याला राहूचा पराभव म्हणतात. माझे मत वेगळे आहे. ज्याला पोट नाही, छाती नाही, तो आजही चंद्राला गिळायला धावतो. याला पराभव म्हणायला देवांचीच समिती लागते. गिळलेला चंद्र मानेखालून निसटतो हा तांत्रिक दोष.

"म्हणजे राहू तू," जया म्हणाली. "नुसतं डोकं. आणि पाणी भरणारं, गॅस लावणारं, दळण आणणारं धड ते केतू. ते मी."

हसली. मग कुकर बघायला उठली. कुकरला अद्याप शिटी झालेली नव्हती.

रविवार, १६ नोव्हेंबर

मंडळाची सभा. उपस्थिती: अध्यक्ष धोंडू, पंच रतन साळवे, मी, आणि चहा.

उपनगरांतल्या कबड्डीचा रिवाज असा की चषक मृताच्या नावाचाच असतो. जिवंतपणी गड्याला एक नारळ मिळतो, मेल्यावर तीन फुटी चषक. दरवर्षी मंडळातले कोणी ना कोणी गेलेले असते, आणि त्याच्या नावाने स्पर्धा भरते. यंदा मात्र पेच पडला.

"औंदा कोणच गेलो नाय रे," धोंडू खंतावून म्हणाला.

"कालकथितांची जुनी यादी काढू का?" रतन म्हणाला. त्याचे नाक्यावर फ्लेक्स छापण्याचे दुकान आहे, त्यामुळे परिसरातील मृत्यूंचे दप्तर त्याच्याकडे असते. त्याच्या घरात मृतांस कालकथित म्हणतात, धोंडूच्या घरात कैलासवासी, आमच्याकडे माळकरी काका वैकुंठवासी झाले. उपाध्या भिन्न, हरले सगळे एकाच मातीवर.

मी या निमित्ताने एक प्रबंध सादर केला. कबड्डी हा भूतलावरील एकमेव खेळ आहे ज्यात मेलेला गडी पाच मिनिटांत जिवंत होऊन आत येतो आणि कोणी आश्चर्य करत नाही. माझे वडील गिरणीच्या संघातून खेळत, तेव्हा या खेळाचे निरनिराळे प्रकार होते. त्यांतल्या 'संजीवनी' प्रकारात आपल्याने समोरचा मारला की आपला एक उठे; तोच आज सर्वत्र चालतो. दुसरा होता 'अमर'. त्यात बाद झालेला गडी मैदान सोडतच नसे, समोरच्याला फक्त गुण मिळे. त्या प्रकारात कोणीच मरत नव्हते, म्हणून तो प्रकार मेला.

हे शेवटचे वाक्य मी उच्चारले असे मला वाटले. प्रत्यक्षात आवाज आलाच नाही. ओठ हलले, बाहेर वारा पडला. रतन चहाच्या पेल्यात पाहू लागला. धोंडूने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

धोंडूच्या आधीची दोन भावंडे तान्हेपणीच गेली. म्हणून आईने याचे नाव दगडावरून ठेवले: यमाला दगडात रस नसतो. यमाला इतका सोपा चकवा एकाही महाकाव्यात कोणी दिलेला नाही. अठ्ठावन्न वर्षे तो चालला आहे.

"बाळ्या, घसो सांभाळ हां," तो म्हणाला.

घरी परतताना पाहिले तर जया धोंडूशी जिन्याखाली उभी राहून बोलत होती. विचारले, तर म्हणाली पाण्याच्या दाबाविषयी. अर्धा तास. पाण्याचा प्रश्न भटवाडीत खरोखर बिकट झाला आहे.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

आज मंडळाच्या मैदानावर सराव सामना होता. मी ध्वनिक्षेपक हाती घेतला. "अवलोकन करा, रसिकहो, मध्यरेषा ओलांडून एकाकी वीर परचक्रात प्रविष्ट होत आहे," येथवर ठीक चालले. अकराव्या मिनिटाला खोकला आला. रुमाल पांढरा होता, हा माझा निष्काळजीपणा.

धोंडूने ध्वनिक्षेपक काढून घेतला. आणि तेवढ्यात मैदानाच्या कडेला जया दिसली. खाकी गणवेशात, कामावरून थेट.

"फाईल साड्यांच्या मागे ठेवतात?" ती म्हणाली. "साड्या कोण काढतं रोज, तू?"

"कधीपासून ठाऊक आहे?"

"आठ तारखेपासून. डॉक्टरीणबाईंना पण भेटून आले."

मी बोलू लागलो. अठ्ठावीस वर्षांची परंपरा, एकोणतिसावे वर्ष, आवाज हीच माझी ओळख. वाणीविना देह म्हणजे प्रतिमेविना देव्हारा इत्यादी. आवाज निम्माच येत होता, त्यामुळे निम्मेच युक्तिवाद तिच्यापर्यंत पोचले. तिने ऐकून घेतले.

"तुला चार जानेवारी पायजे," ती म्हणाली. "मला पाच पायजे. सहा पायजे. नंतरच्या सगळ्या पायजेत. तुझी एक तारीख, माझ्या एवढ्या. कर हिशेब."

धोंडू म्हणाला, "आणि ऐक मेल्या. तू गेलंस तर चषक तुझ्या नावान काढूक लागतलो. माका तुझ्या फोटोक हार घालूचो नाय."

मी होकार दिला. याला शरणागती समजू नये. यंदा मृत्यूला चषक मिळण्याची उत्तम संधी होती. ती मी हिरावून घेतली इतकेच. शस्त्रक्रिया अठ्ठावीस तारखेला.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

वाणीचा अंतिम दिवस. शाळेत नववीला सांगितले की मी दीर्घ रजेवर जात आहे. वर्गात गंभीर शांतता पसरली. मग मागून प्रश्न आला, "सर, म्हणजे शब्दरूपं परीक्षेला नाही ना?"

सायंकाळपासून अंतिम वाक्याची सिद्धता चालू आहे. मनुष्य शेवटचे काय बोलला हे इतिहास विचारतो. तीन मसुदे झाले. पहिला फार लांब, भूल चढेपर्यंत पूर्ण होणार नाही. दुसऱ्यात जयेचा उल्लेख आहे. तो मोठ्याने वाचून पाहता आवाज दगा देतो, आणि तो दोष गाठीचा नाही. तिसरा अनुष्टुभात बसतो. तोच निश्चित केला.

जया मोबाईल समोर ठेवून बसली आहे. म्हणते, काहीही बोल. व्यसन बळावले आहे. मी तिला वेळापत्रकातल्या गाड्यांचे क्रमांक संस्कृतात सांगितले. तिने एकदाही थांबवले नाही.

मंगळवार, २ डिसेंबर

जिवंत.

अंतिम वाक्य बोलायचे राहिले. भूल देणाऱ्या बाईंना उद्देशून माझे ऐतिहासिक शेवटचे शब्द: "चष्मा कुठे ठेवू?"

शनिवार, १३ डिसेंबर

घरी. नाकातोंडाने घेतलेला श्वास आयुष्यभर फुकट वाटत होता. आता तो मानेतल्या छिद्रातून जातो आणि प्रत्येकाचा आवाज होतो, जणू पावती फाडल्याचा. जयेने आपल्या जुन्या गणवेशाचे कापड बेतून छिद्रावर बांधायचे पदर शिवले आहेत, धूळ आत जाऊ नये म्हणून. आरशात पाहिले असता मी रजेवरच्या हवालदारासारखा दिसतो.

संवादासाठी पाटी आणली आहे. शेजारी माझ्याशी अतिशय मोठ्याने बोलतात. वाचा गेली की कानही गेले असा सार्वत्रिक समज आहे. मी पाटीवर 'मला ऐकू येते' असे लिहून दाखवले, तर तळमजल्याच्या वनमालाताईंनी ते मला मोठ्याने वाचून दाखवले.

तीन दिवस कोणाला भेटलो नाही. येथे खरे लिहायचे असा नियम आहे, म्हणून लिहितो. दुपारी घरात एकटा असताना मी वर्गात म्हणतो तसे शब्दरूप म्हणायला तोंड उघडले. काही घडले नाही. दोनदा, तीनदा. मग भिंतीकडे तोंड करून बसलो. जया आली तेव्हा तिने दिवा लावला आणि मला भाजी निवडायला बसवले. मेथी. दोन जुड्या. आमच्याकडे मेथी कोणीच खात नाही.

शनिवार, २७ डिसेंबर

आज मला अमरत्व प्राप्त झाले. तपशील पुढीलप्रमाणे.

धोंडूने माझ्या पश्चात, म्हणजे मी रुग्णालयात असताना, ठरवले की यंदाचा चषक माझ्या नावाने द्यायचा. हयात माणसाच्या नावाने चषक हा मंडळाच्या इतिहासातला पहिलाच प्रसंग, त्यामुळे 'गौरवचषक' असे नवे नाव निघाले. रतनला फ्लेक्सची आणि पत्रकांची वर्दी गेली. रतनने मागच्या वर्षाची फाईल उघडली, जुना फोटो काढून माझा बसवला, नाव बदलले, आणि छापून मोकळा झाला. बाकी सर्व मागच्या वर्षाचे राहिले. त्यामुळे सकाळपासून नाक्यावर दहा फूट रुंद फलक झळकतो आहे: 'कै. बाळ सीताराम चिंदरकर स्मृतिचषक'. फोटोला झेंडूचा हार. दोन्ही बाजूंस समया. खाली 'अमर रहे'.

पहिल्या आल्या त्या आमच्या शाळेच्या मनालीबाई, पांढरी फुले घेऊन. दार मीच उघडले. बाईंनी फुले माझ्या हातात दिली आणि जिन्यावर बसल्या. त्यांना मी पाणी दिले.

दुपारपर्यंत अकरा माणसे आली. मला आनंद आवरेना. आपली श्रद्धांजली स्वतः तपासायला मिळणे हे भाग्य अश्वत्थाम्याला लाभले नाही. तो बिचारा युगानुयुगे जखमेसाठी दारोदार तेल मागत हिंडतो आहे. त्याला कोणी फ्लेक्सही लावला नाही. मी पाटीवर लिहिले, 'फलक तसाच राहू द्यावा. दुरुस्ती नको. यमाच्या कचेरीत नोंद झाली असेल तर पुन्हा कोणी येणार नाही.'

जया चार वाजता कामावरून आली. ती बसमधून येते, म्हणजे नाक्यावरून येते. पाटी वाचली. शिवणाची मोठी कात्री घेऊन खाली उतरली.

रविवार, २८ डिसेंबर

काल काय घडले ते धोंडूने येऊन सांगितले. जयेने नाक्यावरच्या चहावाल्याचे बाकडे ओढले, वर चढली आणि फ्लेक्स कापू लागली. प्रथम 'कै.'. मग 'स्मृति'. मग दोन्ही समया. हार कापताना कात्री फोटोत घुसू नये म्हणून तिला पुष्कळ वेळ लागला. रतन खाली उभा राहून "वहिनी, मी बदलून देतो ना, आत्ता देतो" म्हणत होता. "तू बाजूला हो" एवढेच ती म्हणाली. रहदारी थांबली होती.

तुकडे तिने घरी आणले आणि बंबाखाली घातले. प्लास्टिक जळल्याचा वास अद्याप येतो आहे असे शेजारी म्हणतात; माझ्या नाकातून आता वारा जात नाही.

मी पाटीवर लिहिले, 'विनोदबुद्धी हा दैवी गुण आहे. तो दोघांपैकी एकालाच मिळाला.' तिने वाचले आणि तोंड फिरवले. कालपासून ती माझ्याशी बोलत नाही. मीही बोलत नाही, परंतु माझ्याकडे वैद्यकीय प्रमाणपत्र आहे. एवढे रागावण्यासारखे यात काय होते, हे मला खरोखर उमगलेले नाही. रात्री ती दोनदा उठून माझ्या पदराशी कान लावून बसली होती. श्वासाचा आवाज तिला त्रास देत असावा.

पत्रके मात्र आधीच वाटली गेली आहेत. पाचशे. त्यांना कात्री लावणे अशक्य.

रविवार, ४ जानेवारी

डॉक्टरांनी धुळीची भीती घातली होती, तरीही गेलो. गळ्यावर खाकी पदर तिहेरी बांधून पहिल्या रांगेत बसलो. जया शेजारी. तिने बोलायला आरंभ केलेला नव्हता.

अंतिम सामना. अपराजित विरुद्ध मुलुंडचा बलाढ्य संघ. माझ्या जागी भाड्याने आणलेला समालोचक होता: बोरिवलीचा, नवा, चकाकते जाकीट. त्याला भटवाडी ठाऊक नाही, मी ठाऊक नाही. त्याच्या हाती रतनचे पत्रक होते. दोन्ही संघ रांगेत उभे राहिले आणि तो गंभीर स्वरात म्हणाला, "सामना सुरू होण्याआधी, ज्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही स्पर्धा आहे, त्या कैलासवासी बाळ चिंदरकर सरांना आपण दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहू या."

जे मला ओळखत नव्हते ते सर्व उठले. जे ओळखत होते ते काय करावे न कळून उठले. चौदा गडी माना खाली घालून उभे. धोंडूने कपाळावर हात मारला, पण तोही उभाच होता.

मग मीही उभा राहिलो. सर्व उभे असताना आपणच बसून राहणे मृताचा अवमान ठरला असता. शिवाय मौन पाळण्यात त्या मैदानावर माझ्या तोडीचा कोणी नव्हता.

मान झुकवली. विनोद उत्तम जमला होता. आणि मग, अर्ध्या मिनिटानंतर, तो विनोद कोठेतरी गेला. तीनशे माणसे गप्प उभी आणि ऐकू येतो फक्त एक आवाज, खाकी कापडाखालचा, आत बाहेर, आत बाहेर. मला एकदम कळले की मी नसतो तर ही शांतता अगदी अशीच असती, फक्त हा आवाज वजा जाता. शेजारी पाहिले.

जया जागेवर नव्हती. ती मंचावर चढत होती. तिने त्या चकाकत्या माणसाच्या हातून ध्वनिक्षेपक घेतला. मागितला नाही, घेतला.

"खाली बसा सगळे," ती म्हणाली. "बसा म्हणते ना. कोण मेलं नाय. तो बघा पहिल्या रांगेत, खाकी फडकंवाला. स्वतःलाच श्रद्धांजली देत उभा आहे. अक्कल कमी आहे, पण जिवंत आहे. महिनाभर मी पाच-पाच वेळा उठून बघते, मला माहीत आहे. बाळ, बस खाली."

मी बसलो. तीनशे माणसे बसली. मग कोठून तरी शिट्टी आली, मग टाळ्या, मग मुलुंडचे गडीही वाजवू लागले. चकाकता माणूस मंचामागून निघून गेला. त्याला परत बोलावण्याचे धैर्य धोंडूला झाले नाही. पंच रतनने घड्याळ दाखवले. जया ध्वनिक्षेपक धरून उभीच होती.

मी मंचाच्या पायरीशी गेलो आणि पाटीवर लिहून दिले: 'अवलोकन करा, एकाकी वीर परचक्रात प्रविष्ट होत आहे.'

तिने वाचले, मैदानाकडे पाहिले. "तो निघाला बघा," ती म्हणाली. "एकटाच आहे. कोपऱ्यातले, जागे व्हा. पाय दे, पाय दे. गेला, गेला, धरला. आमचा उठला एक, ये रे आत."

मी चाळीस मिनिटे पाटी भरत राहिलो आणि ती पुसत राहिली. माझा एकही शब्द तिने उच्चारला नाही. प्रत्येक पाटी मात्र वाचली. न वाचता एकही परत केली नाही. अपराजित मंडळ विसावा अंतिम सामना तीन गुणांनी हरले. धोंडू म्हणाला, हरण्यात अशी मजा कधी आली नव्हती. चषक मुलुंडला गेला, त्यावर माझे नाव, आणि नावापुढे काहीही नाही.

घरी येताना तिचा घसा पूर्ण बसला होता. चढावर थांबून ती काही म्हणाली, ओठ हलले, आवाज नाही. मग तिने माझ्या काखेतली पाटी ओढून घेतली, खडू मागितला आणि दिव्याच्या खांबाला टेकवून मोठ्या, तिरक्या अक्षरात लिहिले:

'परत स्वतःसाठी उभा राहिलास तर बघ.'

मला यावर पुष्कळ लिहायचे होते. तिने पाटी परत दिली नाही.